टाका आणि फटकारा : गोधडी व नवे चित्रतंत्र यांच्या सहवासाविषयी

हौसेने गोधडी शिवणारी आणि तिच्याच जोडीने एखादे नवे चित्रतंत्र शिकू पाहणारी व्यक्ती कलासमीक्षेच्या दृष्टिपथात सहसा येत नाही. तिच्या शिवणकामास आपण गृहकृत्य म्हणतो, चित्रकामास छंद म्हणतो, आणि या दोन नावांनी तिची बोळवण करतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या बोळवणीचे परीक्षण करण्याचा आहे. गोधडी ही स्वतःचे व्याकरण असलेली पहिली भाषा होय. तिच्यासोबत शिकले जाणारे चित्रतंत्र ही दुसरी भाषा होय. आणि या दोहोंच्या सहवासातून जे निर्माण होते त्याचे मूल्यमापन द्वैभाषिक लेखकाच्या लेखनाइतक्याच काळजीने करावयास हवे, असे मला येथे मांडावयाचे आहे. ‘भाषा’ हा शब्द मी उपमेदाखल वापरीत आहे, हे उघड आहे. ही उपमा कोठवर चालते आणि कोठे थांबते, हेही ओघात पाहू.

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका समोर ठेवतो. या निवडीस कारण आहे. पांढरकवडा हे ज्याचे मुख्य ठाणे, तो हा तालुका कापसाच्या मुलखातला. त्याच्या दक्षिणेस पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा. वऱ्हाडी मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा समाजाची गोरबोली आणि तेलुगू अशा दोन निरनिराळ्या भाषाकुळांतील बोली या टापूत शेजारी नांदतात. कोलामीचे मरे बी. एमेनो यांनी केलेले वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे असे प्रतिपादणारा त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. भिन्न कुळांतील भाषा दीर्घ शेजाराने एकमेकींच्या शब्दसंग्रहातच नव्हे, व्याकरणातही शिरतात, हा त्याचा गाभा. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा मराठीतील भेद द्राविडी शेजाराचे फळ म्हणून नेहमी दाखविला जातो. ज्या प्रदेशात दोन भाषांत वावरणे हा रोजचा व्यवहार आहे, तेथे दोन कलांत वावरणे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष व्यवहारातही ती परकी नाही. विदर्भातील पोळ्याचा सण पाहावा. वऱ्हाडी उच्चारात ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे ‘पोळा’ येथे ‘पोया’ होतो आणि ‘वाकळ’ ही ‘वाकय’ होते. त्या दिवशी बैलाच्या पाठीवर शिवलेली झूल येते, शिंगे रंगविली जातात, त्यांवर बेगड चढते, अंगावर रंगाचे ठिपके उठतात. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात मुलांचे लाकडी बैल याच थाटाने सजून निघतात. सुई आणि रंग ही दोन साधने एकाच सोहळ्यासाठी एकाच घरात बाहेर निघतात, आणि झुलीचा काठ कोणत्या रंगाचा आहे हे पाहून शिंगांचा रंग ठरविण्यात कोणास नवल वाटत नाही. सहवास जुना आहे. नवे आहे ते त्यास शिकवणीचे आणि ‘छंद’ या नावाचे रूप मिळणे.

म्हणून प्रथम या नावाचाच विचार करू. संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, स्वतःचा कल. आणि ‘छन्दस्’ म्हणजे वृत्त. मराठीत दोहोंचे रूप ‘छंद’ असे एकच झाले. एका अर्थाने तो मनाचा कल आहे, दुसऱ्या अर्थाने तो अक्षरांचे कडक बंधन आहे. आजच्या रूढ वापरात मात्र पहिला अर्थच उरला आणि तोही उतरणीस लागला. ‘छंदीफंदी’ या शब्दात त्याची अवनती पुरी होते. ‘नाद’ या शब्दाचेही तेच झाले. एकीकडे व्यसन, दुसरीकडे व्यासंग, आणि मध्ये कोठेतरी छंद, अशी ही उतरंड आहे. पुरुषाने इतिहासाची साधने फावल्या वेळी जमविली तर त्यास व्यासंग म्हणावयाचे आणि स्त्रीने फावल्या वेळी रंगांचा अभ्यास केला तर त्यास छंद म्हणावयाचे, हा भेद शब्दकोशात लिहिलेला नसतो. तो वापरात असतो. विषयाचे गांभीर्य करणाऱ्याच्या वेळेवरून नव्हे, तर त्याने स्वीकारलेल्या बंधनांवरून ठरवावे, असे मानले तर ‘छंद’ शब्दाचा विसरलेला दुसरा अर्थ उपयोगी पडतो. गोधडी हा त्या अर्थानेही छंदच आहे. तिला मात्रा आहेत, यती आहेत आणि चूक लगेच दिसते.

दुसरा शब्द ‘तंत्र’. ‘चित्रतंत्र’ म्हणताना आपणास कुंचला आणि रंगपेटी आठवते. परंतु संस्कृतात ‘तन्त्र’ म्हणजे माग, मागावर ताणलेला ताणा. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी गाठणे, गुंफणे आहे. विद्येचे आणि कौशल्याचे अनेक मोठे शब्द कापडाच्या व्यवहारातून आले आहेत. हे केवळ प्राचीन काळी घडले असेही नव्हे. मराठी समीक्षेने कथेची ‘वीण’ पाहिली, कादंबरीतील ‘धागे’ उकलले, अनुभवाचे ‘पदर’ दाखविले. द. ग. गोडसे यांनी आपल्या १९६३ सालच्या ग्रंथास ‘पोत’ हेच नाव दिले आणि वस्त्राशी निगडित असलेला हा शब्द कलाविचारात प्रतिष्ठित केला. येथे एक विसंगती ध्यानात येते. साहित्याची आणि चित्राची स्तुती करताना आपण कापडाची परिभाषा वापरतो. मात्र कापडाविषयी बोलण्याची वेळ आली की तीच परिभाषा गुंडाळून ठेवतो आणि ‘सुबक’, ‘टिकाऊ’, ‘मेहनतीचे’ एवढ्या तीन विशेषणांवर भागवतो.

याहून बोलका शब्द ‘ठिगळ’. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, या म्हणीत ते असहायतेचे चिन्ह आहे. समीक्षेत ‘हा प्रसंग ठिगळासारखा वाटतो’ हा दोषनिर्देश आहे. दोन्ही ठिकाणी गृहीत असे की मूळ वस्त्र अखंड होते आणि ठिगळ ही त्याची हानी. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी आहे. तिच्यापाशी अखंड असे मूळ वस्त्र नसतेच. ठिगळ हे तिच्या रचनेचे एकक आहे, जसे वर्ण किंवा पद हे आपल्या वाक्याचे. ज्या कलेत एकत्व आधी दिलेले नसून ते कमवावे लागते, तिची निंदा करण्यासाठी तिच्याच घटकाचे नाव वापरणे, ही समीक्षेच्या शब्दसंग्रहातील एक गफलत आहे.

गोधडीचे व्याकरण असे म्हणताना मला नेमके काय अभिप्रेत आहे ते सांगावयास हवे. कापूस भरून केलेली रजई वेगळी आणि गोधडी वेगळी. रजईत पिंजलेला कापूस हा गाभा आणि वरचे कापड हे आवरण असते. गोधडीत गाभा आणि आवरण असा भेद जवळजवळ मावळतो. जुनी लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने एकजीव केले जातात. कापसाच्या मुलखात कापूस बाजारात जातो आणि उरलेली उब जुन्या कापडातून शिवावी लागते, हा त्यातील आर्थिक भाग होय. तो नजरेआड करून गोधडीचे गुणगान करणे बरे नव्हे. परंतु टंचाईतून जन्मलेली रचना ही रचनाच असते. कोणते कापड आतल्या थरात जाईल आणि कोणते वर येईल, विरलेला भाग कशाखाली झाकावा, लुगड्याला दंड घालताना काठ कोठे मिळवावा, चिंध्यांचे तिरपे विणीकडील ताण कसे तोलावेत, या प्रत्येक ठिकाणी निवड असते आणि चुकीच्या निवडीची शिक्षा पहिल्या धुण्यातच मिळते.

क्रमाचा नियम याहून महत्त्वाचा. अनेक ठिकाणी धावदोरा काठापासून सुरू होऊन आत आत वळत मध्याकडे जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-येल्लापूर भागात, जेथे मराठी आणि कोकणीचा शेजार आहे, तेथील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’त ही पद्धत स्पष्ट दिसते: एका कोपऱ्यापासून आरंभ, कडेकडेने ठिगळे दुमडून बसवीत जाणे, आणि मध्यावर समाप्ती. चार कोपऱ्यांवर घडीच्या कापडाची ‘फुले’ लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. म्हणजे येथे पूर्णविरामाचाही संकेत ठरलेला आहे. या क्रमाचा परिणाम असा की शिवणारीला पूर्ण आकृती आधी दिसत नाही. सीमा प्रथम निश्चित होते आणि आशय मागाहून, उरलेल्या जागेच्या मापाने येतो. शिवाय टाका दोन्ही बाजूंनी दिसतो. गोधडीस पाठ असते, परंतु लपविण्याजोगी पाठ नसते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. त्यांच्या सिद्धान्तावर पुढे बरेच आक्षेप आले आणि त्यांतील कित्येक योग्यही आहेत. तथापि, रंगसंवेदनांची निव्वळ परस्परसंबद्ध रचना म्हणून एखादी कलाकृती पाहावयाची असेल, तर त्यासाठी गोधडीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. तीत कथा नाही, प्रतिमा नाही, अनुकृती नाही. निळ्या लुगड्याच्या तुकड्याशेजारी मातकट धोतराचा तुकडा आहे आणि दोहोंवरून एकाच अंतराने जाणारा टाका आहे. विरोध ठिगळांत आहे, संवाद टाक्यात आहे आणि समतोल काठात आहे. ज्या शास्त्राने ही कसोटी घडविली त्याने ती येथे लावून पाहिली नाही, एवढेच.

आता दुसऱ्या भाषेकडे येऊ. गोधडी शिवण्यात मुरलेली व्यक्ती जलरंग वा ॲक्रिलिक शिकू लागते तेव्हा ती कोऱ्या पाटीने येत नाही. उरिएल वाइनराइख यांनी १९५३ साली भाषासंपर्कावरील आपल्या ग्रंथात दाखविले की द्वैभाषिकाच्या बोलण्यात एका भाषेचे संकेत दुसरीत उतरतात, आणि हे उतरणे यदृच्छेने न होता नियमाने होते. चित्रतंत्राच्या बाबतीत हे नियम कोणते असू शकतील याचा अंदाज दोन्ही माध्यमांच्या स्वरूपावरून बांधता येतो. गोधडीत रंग मिसळत नाहीत, ते शेजारी बसतात. दोन रंगांमध्ये नेहमी कड असते. जलरंगात एक रंग दुसऱ्यात ओघळतो आणि कड ही प्रयत्नाने साधावी लागते. गोधडीत पांढरे हवे असेल तर पांढरी चिंधी लावावयाची. पारदर्शक जलरंगात पांढरे म्हणजे न रंगविलेला कागद, म्हणजे ते पहिल्या क्षणापासून राखून ठेवावे लागते. गोधडीत टाका उसवता येतो. जलरंगाचा ओघळ उसवता येत नाही. उलटपक्षी, ॲक्रिलिकमध्ये वाळलेल्या थरावर दुसरा थर देता येतो, आणि थराचा विचार तर गोधडीकारणीच्या हाडामासी खिळलेला असतो. त्यामुळे एक तंत्र तिला अवघड जाईल आणि दुसरे सोपे, तर याचे कारण तिच्या प्रतिभेत न शोधता तिच्या पहिल्या भाषेत शोधावे लागेल. शिकविणाऱ्यास ही पहिली भाषा ठाऊकच नसेल, तर तो या छापेस ‘कच्चा हात’ म्हणेल.

दोन तंत्रे एकाच कापडावर येतात तेव्हा तर वाक्यरचनेचा प्रश्न अक्षरशः उभा राहतो. आधी रंग आणि मग टाका, की आधी टाका आणि मग रंग? ॲक्रिलिक रंग वाळल्यावर त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो. कापड ताठरते, आणि दाभण वा सुई त्यातून गेली की पडलेले भोक पूर्ववत बुजत नाही. म्हणून रंगावरून घातलेला धावदोरा चित्राला छेदतो. तो आता जोडणारा टाका न राहता रेखाटणारी रेषा होतो. उलट क्रमाने गेल्यास टाक्यांनी कापडास आलेल्या सुरकुत्या कुंचल्यास अडवितात. रंग उंचवट्यांवर आणि दोऱ्यावर बसतो, खळग्यांत पोहोचत नाही, आणि एका फटकाऱ्याचे तुटक ठिपके होतात. पहिल्या क्रमात सुई चित्राच्या भाषेत बोलते. दुसऱ्यात कुंचला गोधडीच्या भाषेत बोलतो. घटक तेच, क्रम उलटा, अर्थ वेगळा. वाक्यरचनेचा आणखी काय पुरावा हवा?

या सहवासातून काय साधते हे पाहण्यासाठी तीन उदाहरणे घेतो. तीन्हींत दिशा वेगळी आहे. पहिले बंगालच्या कांथ्याचे. जुन्या साड्यांचे थर आणि धावदोरा ही तिची सामग्री गोधडीचीच सख्खी बहीण शोभते. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली कांथ्यावर लिहिले तेव्हापासून तिच्याकडे कलावस्तू म्हणून पाहण्याचा मार्ग मोकळा झाला. मध्यभागी कमळ आणि चार कोपऱ्यांतून आत झुकणाऱ्या वेली वा झाडे ही तिची परिचित मांडणी तांदळाच्या पिठाच्या अल्पनेशी नाते सांगते. तेथे त्याच स्त्रिया जमिनीवर पिठाने रेखाटतात आणि कापडावर दोऱ्याने. दोन भाषांनी परस्परांच्या रचना इतक्या काळ वापरल्या की उसनवारी कोणाची हे सांगणे कठीण व्हावे. पैनगंगेच्या तीरावरील भाषांप्रमाणेच हे ‘क्षेत्र’ बनले आहे.

दुसरे उदाहरण फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांचे. त्या शिक्षणाने चित्रकार. १९७२ साली ॲम्स्टरडॅम येथे त्यांनी तिबेटी थांका पाहिल्या आणि चौकटीवर न ताणलेल्या, कापडी काठ लावलेल्या चित्रांकडे त्या वळल्या. १९८० साली शिवणकामात निष्णात असलेल्या आपल्या आईसमवेत त्यांनी पहिली गोधडी केली. त्यांच्या ‘टार बीच’ (१९८८) या कृतीत मध्यभागी हार्लेममधील घराच्या गच्चीवरची रात्र रंगविलेली आहे. मोठी माणसे मेजाभोवती बसली आहेत, मुले अंथरुणावर पडली आहेत, आणि एक मुलगी पुलावरून उडत आहे. भोवती छापील कापडाच्या चौकोनी तुकड्यांचा काठ, आणि वरखाली हाताने लिहिलेल्या कथेच्या पट्ट्या. या कृतीचे मर्म असे की चित्रातील मुले ज्यावर पहुडली आहेत ते अंथरूण आणि प्रत्यक्ष समोर टांगलेली गोधडी या दोहोंचे नाते आपोआप जुळते. ज्या वस्तूवर झोपावयाचे तीच वस्तू स्वप्नाचे चित्र वाहून नेते. गोधडीचा उपयोग येथे आशय झाला आहे. केवळ रंगाने हे साधले नसते, केवळ टाक्यानेही नाही. येथे चित्रकाराने गोधडी ही दुसरी भाषा शिकली. तथापि तिने काठ, पट्टी आणि तुकडा या तिच्या व्याकरणासह ती उचलली, म्हणून ती उसनी वाटत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या विषयास सर्वांत जवळचे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन येथील आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. ही स्तुती खरी. परंतु तीत एक अनुवाद दडलेला आहे: गोधडी चांगली, कारण ती चित्रासारखी आहे. पुढे २००५ साली त्यांतील मेरी ली बेंडॉल्फ आणि लुइझियाना बेंडॉल्फ यांनी बर्कली येथील एका मुद्रणशाळेत कोरीव छापाचे तंत्र शिकून घेतले. त्यांनी कागदावर गोधड्यांची चित्रे काढली नाहीत. त्यांनी कापडाचे छोटे तुकडे नेहमीप्रमाणे जोडले, आणि मऊ मेणाच्या लेपाने मढविलेल्या धातूच्या पत्र्यावर ते दाबून त्यांचा ठसा उठविला. आम्लाने तो ठसा पत्र्यावर कोरला गेला आणि कागदावर छापला गेला तेव्हा कापडाची वीण आणि शिवण दोन्ही त्यात उतरली होती. नव्या तंत्राने त्यांना त्यांचा जुना हात विसरावयास सांगितले नाही. तंत्रच त्यांच्या हातापाशी आले. दुसरी भाषा शिकविण्याची हीच पद्धत मला अनुकरणीय वाटते.

आता आपल्या घरच्या व्यवहाराकडे पाहू. आपल्याकडील छंदवर्गांत शिकविले जाणारे ‘पारंपरिक’ तंत्र म्हणजे बहुधा वारली. वारली चित्रांचे मूळ रूप लग्नप्रसंगी सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेला देवचौक आणि त्यातील पालघट देवी. भास्कर कुलकर्णी हे १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळातर्फे मिथिलेत गेले आणि तेथील स्त्रियांना त्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास उद्युक्त केले. १९७० नंतर तेच वारली पाड्यांत पोहोचले. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हाती कागद आला आणि एका श्रेष्ठ चित्रकाराचा उदय झाला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील माणसांची, जाळ्यांची, वाटांची रेषा जागेचे भान अशा रीतीने राखते की रिकामी जागाही श्वास घेते. मात्र या स्थित्यंतरात कागदावरची कीर्ती प्रामुख्याने पुरुषांच्या वाट्यास आली; भिंतीवरचा चौक काढणाऱ्या हातांची नावे मागे राहिली, हेही नोंदविले पाहिजे.

वर्गात मात्र यांतील काय पोहोचते? दोन त्रिकोणांचे माणूस, तारप्याभोवतीचे नाचाचे वेटोळे, ताड, मोर, झोपडी. ही शब्दांची यादी आहे. जागा कशी वाटावी, एक आकृती दुसरीस कोणत्या अंतराने जोडावी, गर्दी आणि रिकामेपण यांचा हिशेब कसा ठेवावा, ही वाक्यरचना यादीत येत नाही. शब्दांची यादी पाठ करून कोणी कोलामी बोलू लागत नाही. तद्वत् चिन्हांची यादी गिरवून कोणी वारली चित्रकार होत नाही. दुःख याचे की वर्गात बसलेल्या ज्या स्त्रीस गोधडी येते तिच्यापाशी वाक्यरचनेचे ज्ञान आधीच असते. काठापासून आत वळत जाणारा धावदोरा आणि तारप्याभोवती आत वळत जाणारी नर्तकांची ओळ यांतील साम्य तिला दाखविले, तर ते वेटोळे तिला गिरवावे लागणार नाही. ती ते रचील. पण वर्ग तिला नवशिकी म्हणून बसवून घेतो आणि तिच्या गोधडीचा प्रश्न विचारीत नाही.

येथे भाषाभ्यासकास परिचित असलेला धोका समोर येतो. दोन भाषांचा शेजार दोन रीतींनी संपू शकतो: द्वैभाषिकतेत किंवा भाषापालटात. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती. शाळा, बाजार आणि कचेरी यांची भाषा मराठी असल्यामुळे कोलाम कुटुंबांत मराठीचा वावर वाढत जातो. यास कोलामीचे व्याकरण कारणीभूत नसते. कारण असते ती प्रतिष्ठा. मराठी शिकल्याने कोलामी मरत नाही. कोलामी बोलण्याची लाज वाटू लागली म्हणजे ती मरते. टाका आणि फटकारा यांचेही असेच आहे. चित्र भिंतीवर टांगले जाते, त्यावर सही होते, त्यास नाव मिळते. गोधडी घडी करून ठेवली जाते, तिच्यावर सही नसते, आणि ती विरली की तिचेच दुसऱ्या गोधडीत अस्तर होते. अशा स्थितीत चित्र शिकलेली स्त्री गोधडी खाली ठेवील, तर तिने एका कलेची दुसरीशी तुलना करून निर्णय घेतला असे म्हणता येत नाही. तिने समाजाचा निर्णय मान्य केला.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की गोधडी ही मुळात गरिबीची खूण आहे, आणि जिला ती शिवण्याची गरज उरली नाही तिने ती सोडली तर त्यात शोक करण्यासारखे काय? हा आक्षेप वजनदार आहे. टंचाईची सक्ती कोणीही जपू नये. परंतु आपण ज्या स्थितीचा विचार करीत आहोत तीत सक्ती आधीच सरली आहे. हौस म्हणून शिवणारी स्त्री कापड निवडू शकते. प्रश्न एवढाच की सक्तीने शिकविलेले ज्ञान सक्ती सरताच ज्ञान म्हणून मोजले जाते की नाही. वृत्तबद्ध कविता लिहिण्याची सक्ती गेल्यावरही वृत्ताचे ज्ञान आपण टाकून दिलेले नाही.

दुसरा आक्षेप उपमेच्या मर्यादेचा. भाषा वापरल्याने झिजत नाही. गोधडी झिजते, मळते, धुवावी लागते. रंगविलेली गोधडी वारंवार धुता येत नाही, अंगाशी घेतली तर टोचते; म्हणजे चित्र वरचढ होताच गोधडीचे गोधडीपण धोक्यात येते. हे मान्य केले पाहिजे, आणि येथे उपमा थांबते. पण याच ठिकाणी समीक्षेस एक उपयुक्त कसोटी मिळते. दोन तंत्रांच्या संयोगाने केलेल्या कृतीस विचारावे: उपयोग गमावून तिने काय कमविले? ‘टार बीच’ने झोपण्याचा उपयोग सोडला आणि झोपेचा आशय मिळविला, हा सौदा सार्थ आहे. केवळ भिंतीवर टांगता यावे म्हणून टाक्यांवर ओतलेला रंग मात्र उब घालवितो आणि मोबदल्यात शोभेपलीकडे काही देत नाही. पोळ्याच्या झुलीची शोभा आणि शिंगांचा रंग हे एका दिवसाच्या कामासाठी असतात आणि ते काम पूर्ण करतात; म्हणून त्यांच्याबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही.

विद्यापीठीय अभ्यासास यातून काही काम निघते. पहिले काम कोशाचे. धावदोरा, टाचण, दंड, गोट, अस्तर, चौघडी, दुपटे, पासोडी, वाकळ हे शब्द कोणत्या भागात कोणत्या नेमक्या अर्थाने चालतात, याची बोलीवार नोंद व्हावयास हवी. ‘गोधडी’ या शब्दाच्याच भगिनी हिंदीत ‘गुदडी’ आणि गुजरातीत ‘गोदडी’ अशा आहेत; मराठीत तेवढा ‘द’च्या जागी ‘ध’ रूढ झाला. वस्तूंची नावे आपण थोडीफार जमविली आहेत. क्रियांची आणि दोषांची नावे जमविलेली नाहीत. ‘टाका ओढला गेला’, ‘कापड फुगले’ असे शिवणाऱ्या स्त्रिया म्हणतात तेव्हा त्या समीक्षा करीत असतात, आणि त्या समीक्षेची परिभाषा आयती तयार आहे. दुसरे काम वस्तुसंग्रहाचे. गीता खंडेलवाल यांचा महाराष्ट्रातील गोधड्यांवरचा इंग्रजी ग्रंथ २०१३ साली आला. मराठीत, आणि विशेषतः वऱ्हाड-गोंडवनाच्या सीमेवरील टापूसंबंधाने, असे काम व्हावे.

कापडास प्रतिष्ठा देण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे मात्र समजू नये. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह लिहून काढला तो सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर. आणि त्या कृतीस आपण ग्रंथाचे नाव न देता ‘पासोडी’ असे पांघरुणाचेच नाव दिले. अक्षर, आकृती आणि वस्त्र यांचा त्या ठिकाणी झालेला मेळ आदराने सांगितला जातो. केळापूरच्या एखाद्या घरात एका हाताने सुई आणि दुसऱ्या हाताने कुंचला शिकणाऱ्या स्त्रीच्या कामाकडे तेवढ्या आदराने पाहावे, असे मी म्हणत नाही; तेवढ्या बारकाईने पाहावे, इतकेच म्हणतो. पाहिल्यावर ते काम सामान्य ठरले तर तसे स्पष्ट म्हणण्याचा अधिकार समीक्षेस राहीलच. आज तो अधिकार तिने कमविलेला नाही.